पेवातला माल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ओसरल्यावर आम्ही सांगलीच्या गावभागातल्या घरी परत आलो तेव्हा पुढच्या खोलीत घोट्यापर्यंत गाळ होता. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. फ्रीज तरंगत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा अडकला होता. टीव्हीखालचं लाकडी कपाट फुगून बसलं होतं, त्याची दारं उघडेनात. शेवटी पहार घालून उघडलं. आत माझा गेमचा खोका होता.

हात लावला तसा पुठ्ठ्याचा लगदा होऊन गळून पडला. डिस्कच्या प्लॅस्टिकच्या पेट्यांत गाळ भरलेला, आतले कागद एकमेकांना चिकटलेले. आई म्हणाली, "टाक की ते सगळं, आधी धान्याचं बघ." धान्याचंच आधी बघितलं. पण तिसऱ्या दिवशी टँकरचं पाणी मिळाल्यावर मी एक बादली बाजूला घेतली आणि एकेक डिस्क धुवायला बसलो. मधून कडेकडे सरळ पुसत न्यायचं, गोल फिरवायचं नाही, हे मला कॉलेजात असताना सीडीच्या दुकानातल्या पोरानं शिकवलं होतं. धुतलेल्या डिस्क गच्चीवर जुन्या धोतरावर मांडल्या. सगळ्या मिळून ३१ होत्या. वडील, म्हणजे अण्णा, जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बघत होते. काही बोलले नाहीत, फक्त एक उलटी ठेवलेली डिस्क सरळ केली.

माझं गेम खेळायचं यंत्र, प्लेस्टेशन ३, काही वाचलं नाही. विश्रामबागेतल्या मित्राकडे पाणी आलं नव्हतं. त्याच्या घरी एका रविवारी सगळ्या डिस्क लावून बघितल्या. २७ चालल्या. ब्लू-रे डिस्कवर ओरखड्यांपासून वाचवणारा कडक थर असतो, हे मला माहीत होतं. तरी 'रेड डेड रिडेम्प्शन' सुरू झाला तेव्हा आम्ही दोघंही सोफ्यावरून उठून उभे राहिलो. कृष्णेच्या पाण्यात आठवडाभर बुडालेली वस्तू होती ती, आणि पडद्यावर गेमचा नायक जॉन मार्स्टन बोटीतून उतरत होता, काहीच झालं नसल्यासारखा.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती २०२४ मध्ये. युबिसॉफ्ट कंपनीचा 'द क्रू' नावाचा गाड्यांचा गेम आहे, २०१४ च्या डिसेंबरमध्ये आलेला. आहे म्हणालो, होता म्हणायला हवं. सगळी अमेरिका लहान करून त्यात बसवली होती, ह्या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत गाडी चालवत जाता यायचं. एकट्यानं खेळलं तरी सर्व्हरशी, म्हणजे कंपनीच्या कॉम्प्युटरशी, नेटवरून जोडलेलं असायला लागायचं. ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं सर्व्हर बंद केले आणि गेम संपला. पूर्ण किंमत मोजून घेतलेल्यांनाही तो सुरू करता येईना. थोड्याच दिवसांत खेळाडूंच्या खात्यांतून त्याचा परवानाही काढून घेतला. ज्यांच्याकडे डिस्क होती, त्यांच्या हातात नुसती चकती उरली. मी हा गेम कधी घेतला नव्हता, त्यात माझं एका पैशाचंही नुकसान नाही. तरीही तो दिवस मला लागला. पुरानं जे केलं नाही ते एका निर्णयानं झालं होतं.

माझे वडील मार्केट यार्डात एका अडत दुकानात ३४ वर्षं दिवाणजी होते. हळदीचा हिशेब त्यांच्या बोटांवर. मी त्यांना ही हकिगत सांगितली तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पावतीवर काय लिहिलं होतं?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता येतं. पावतीवर विकत घेतलं असं लिहिलेलं असतं, आणि त्याच्यामागे जो कुणी वाचत नाही असा लांबलचक करार असतो, त्यात लिहिलेलं असतं की तुम्हाला वापरायची परवानगी दिलेली आहे. ह्या दोन वाक्यांत जे अंतर आहे त्यात सगळा धंदा बसलेला आहे. कॅलिफोर्नियानं २०२४ च्या सप्टेंबरमध्ये ह्यावर कायदा केला. नुसता परवाना देत असाल तर गिऱ्हाइकाला तसं स्पष्ट सांगा, त्याशिवाय 'विकत घ्या' असं बटण ठेवू नका, असं तो सांगतो. स्टीम ह्या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानानं त्याच सुमारास पैसे भरायच्या पानावर तशी ओळ टाकली. ती ओळ मी पहिल्यांदा वाचली तेव्हा माझ्या खात्यात दोनशेच्या वर गेम होते.

हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाजवळ, हळदीची पेवं होती. बाहेरच्यांना सांगायला हवं म्हणून सांगतो. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड लहान, आत पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की वर्षानुवर्षं कीड लागत नसे. शेतकरी, व्यापारी आपला माल दुसऱ्याच्या पेवात ठेवायचे, भाडं द्यायचे, पावती घ्यायचे. भाव चढला की पेव उघडायचं. अण्णा म्हणतात, "पेव दुसऱ्याचं असलं तरी आतला माल आपला. पेववाला कधी म्हणायचा नाही की आजपासून मी पेव बंद करतोय, तुमची हळद गेली." २००५ च्या महापुरात ह्या पेवांत पाणी शिरलं आणि खूप हळद नासली. माणसं उद्ध्वस्त झाली. पण नासलेली हळद कुणाची होती यावर तेव्हाही दुमत नव्हतं.

मी दहा वर्षं समजत होतो की माझे गेम कुणाच्या तरी पेवात ठेवलेले आहेत. ते तसे नाहीत.

'द क्रू' नंतर रॉस स्कॉट ह्या यूट्यूबरनं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली आणि २०२५ च्या जुलैत युरोपातल्या सह्यांचा आकडा दहा लाखांच्या पुढे गेला. ह्या मोहिमेबद्दल एक गैरसमज मी सारखा ऐकतो, की हे लोक कंपन्यांना जन्मभर सर्व्हर चालवायला सांगतायत. मागणी तशी नाहीच. मागणी एवढीच की विकलेला गेम बंद करताना तो खेळता येईल अशा अवस्थेत सोडा. एकट्यानं चालेल असा बदल करून द्या, किंवा लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवायची सोय द्या. दुकान बंद करा, पण गिऱ्हाइकाच्या घरातली वस्तू उचलून नेऊ नका. मला ह्यात जास्तीचं मागितलेलं काही दिसत नाही.

आणि डिस्क घेतली म्हणजे सुटलो असंही आता राहिलेलं नाही. कित्येक डिस्कवर अर्धाच गेम असतो, बाकीचा उतरवून घ्यावा लागतो. २०२५ च्या जूनमध्ये निन्टेन्डोचं स्विच २ हे खेळायचं यंत्र आलं, त्याच्या काही कार्डांवर तर गेमच नसतो, फक्त तो उतरवून घ्यायची किल्ली असते. कार्ड हातात येतं, डबी शोकेसमध्ये ठेवता येते, आत काही नाही.

आम्ही सुरुवात केली ती पिवळ्या कॅसेटीपासून. 'काँट्रा', 'मारिओ', आणि कॅसेटीवर '९९९९ इन १' असं छापलेलं, त्यात तेच दहा-बारा गेम फिरून फिरून. चालली नाही की फुंकर मारायची. मग हायस्कूलच्या शेवटाला सायबर कॅफे आला, २० रुपये तास, काउंटर-स्ट्राइक, आणि लाइट गेले की राहिलेली मिनिटं वहीत लिहून ठेवणारा मालक. त्यानंतर घरी कॉम्प्युटर आला आणि ५० रुपयांच्या सीड्या आल्या. त्या नकली होत्या हे आम्हाला पुरतं ठाऊक होतं. अस्सल मिळायच्या नाहीत, मिळाल्या तरी परवडायच्या नाहीत, हे दोन्ही खरं आहे. तरीसुद्धा 'व्हाइस सिटी'त मी घालवलेल्या दोन उन्हाळ्यांचा एक रुपयाही ती बनवणाऱ्यांना मिळाला नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षात मी ते सगळे जुने गेम सेलमध्ये एकेक करून पुन्हा विकत घेतले. खेळायला वेळ नव्हता. देणं होतं म्हणून घेतले. म्हणूनच कंपन्या जेव्हा गिऱ्हाइकाला चोर समजून कुलपं वाढवतात तेव्हा मला जास्त राग येतो. ज्यानं पैसे भरलेत त्याच्याच दाराला कुलूप लागतं.

आता परीक्षणांबद्दल. मी नवीन गेम परीक्षण वाचल्याशिवाय घेत नाही. घेऊही शकत नाही. प्लेस्टेशन ५ वरचा मोठा गेम पाच हजार रुपयांच्या आसपास पडतो. सांगलीत त्या पैशात घरातला महिन्याचा किराणा भरतो. म्हणून परीक्षण लिहिणाऱ्या माणसावर माझा खरोखर भरवसा असायला लागतो, आणि तो भरवसा मी आकड्यावर टाकत नाही.

आकड्याचं काय होतं ते 'फॉलआउट: न्यू व्हेगास'च्या वेळी दिसलं. २०१० चा गेम. बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला मेटाक्रिटिकवर, म्हणजे सगळ्या परीक्षणांच्या गुणांची सरासरी काढणाऱ्या साइटवर, ८५ गुण मिळाले तर बोनस मिळणार होता. मिळाले ८४. बोनस गेला. कंपनीच्याच एका संस्थापकानं हे नंतर सांगितलं. कुठल्या तरी परीक्षकानं रात्री थकून आठाच्या जागी साडेआठ दिले असते तर? आज इतक्या वर्षांनी लोक त्या गेमबद्दल अजून भांडतात, कुठल्या गटाची बाजू घ्यावी यावर वाद घालतात. तो ८४ आकडा कुणाच्या लक्षातही नाही.

दुसरी गोष्ट २००७ ची. गेमस्पॉटवरच्या जेफ गर्स्टमन ह्या परीक्षकानं 'केन अँड लिंच'ला दहापैकी ६ दिले. त्याच गेमच्या जाहिराती त्याच साइटवर झळकत होत्या. त्याची नोकरी गेली. २०१२ मध्ये तो मोकळेपणानं बोलला तेव्हा कारण काय होतं ते त्यानंच सांगितलं. त्याची नोकरी गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो आणि परीक्षण वाचताना बाजूच्या जाहिरातीकडेही बघायचं हे त्या दिवसापासून शिकलो.

अडत दुकानात मी शाळेच्या सुट्टीत अण्णांसोबत जायचो. सौद्याला खरेदीदार यायचे, पोत्यात हात घालायचे, तळातलं एक हळकुंड वर काढायचे आणि मोडायचे. वरून सगळीच हळद पिवळी दिसते. आतला रंग बघायचा, मोडताना आवाज कसा येतो ते ऐकायचं, नखानं खरवडून वास घ्यायचा. वरचं हळकुंड कुणी मोडत नसे, कारण वर चांगलाच माल ठेवलेला असतो हे सगळ्यांना ठाऊक. परीक्षण म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे ते मोडलेलं हळकुंड येतं. पहिले दोन तास म्हणजे पोत्यातला वरचा माल. विसाव्या तासाला काय होतं ते सांग. कुठल्या यंत्रावर खेळलास ते सांग. गेम स्वतःच्या पैशानं घेतलास की कंपनीनं पाठवला, तेही सांग.

यंत्राचं मी मुद्दाम म्हणालो. 'सायबरपंक २०७७' २०२० च्या १० डिसेंबरला आला. त्याआधी परीक्षकांना फक्त पीसीवरची प्रत मिळाली होती, आणि स्वतः खेळतानाचं चित्रण दाखवायला मनाई होती. परीक्षणं छान आली. मग प्लेस्टेशन ४ वाल्यांनी गेम लावला आणि माणसं भिंतीतून आरपार जाऊ लागली, रस्ते अर्धेच दिसू लागले, गेम मध्येच बंद पडू लागला. आठ दिवसांत सोनीनं तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. पुढच्या दोन-तीन वर्षांत कंपनीनं तो दुरुस्त केला, २०२३ च्या मोठ्या अपडेटनंतर मी तो खेळलो, आणि फार आवडला. तरीही 'शेवटी चांगला झाला ना' हे म्हणणं मला मान्य होत नाही. पहिल्या दिवशी ज्यांनी पूर्ण किंमत मोजली, त्यांनी दुरुस्तीचा खर्च उचलला.

अजून एक गोष्ट मला परीक्षणांत खटकते, ती म्हणजे तासांचा हिशेब. इतक्या पैशात इतके तास. पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं २०२० मध्ये 'राजी' काढला. भावाला शोधायला निघालेली मुलगी, राजवाड्यांच्या भिंतींवरची चित्रं, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेल्या देवांच्या गोष्टी. पाच-सहा तासांत संपतो. लढाई थोडी कच्ची आहे, हे मीही म्हणेन. पण 'लहान आहे' ही तक्रार वाचून वाईट वाटलं. जेवण किलोवर मोजतो का आपण? शंभर तासांच्या कित्येक गेममध्ये ऐंशी तास नकाशावरची चिन्हं पुसण्यात जातात. ते तास माझ्या आयुष्यातून वजा होतात, आणि नोकरी, घर, आईचं औषधपाणी सांभाळणाऱ्या माणसाकडे ते मोजकेच असतात.

ताई मिरजेला असते. गेल्या दिवाळीत तिच्याकडे गेलो तर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. भाचा सातवीत आहे. त्यानं आईच्या फोनवरून एका फुकट मिळणाऱ्या गेममध्ये ३,४०० रुपये घातले होते. एकदम नाही. ७९, ७९, १५९, पुन्हा ७९, असे दीड महिना. ताईला वाटत होतं मी त्याला रागवावं. मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हटलं, "उघडून दाखव मला, कसं असतं ते."

त्यानं क्रेट उघडून दाखवली. पेटी थरथरते. फटीतून उजेड येतो, आधी निळा, मग जांभळा. मग बंदुकांची चित्रं रांगेनं सरकू लागतात, वेग कमी कमी होत जातो, सोनेरी बंदूक अगदी मधोमध येते, आणि एक घर पुढे सरकते. थांबते ती हिरव्या टोपीवर. त्याच्याकडे आधीच असलेल्या. भाचा म्हणाला, "मामा, बघितलंस? एकानं गेलं." त्याच्या आवाजात रडू होतं. ते एकानं गेलेलं नव्हतं. काय निघणार हे क्रेट दाबली त्या क्षणीच ठरलेलं असतं, सरकणारी रांग हा नुसता देखावा. हे मी त्याला कागदावर आकडे मांडून समजावून सांगितलं, तासभर लागला. ताईला एवढंच म्हणालो की पोराचं चुकलं, पण त्याच्यासमोर जी माणसं बसली होती ती मोठी होती, शिकलेली होती, आणि हेच करायचा पगार घेत होती.

२००६ मध्ये 'ऑब्लिव्हियन'मध्ये घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकायला काढलं तेव्हा लोक चिडले होते. निदान पैसे दिल्यावर चिलखत तरी मिळायचं. २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २'मध्ये पूर्ण किमतीच्या गेमवर नशिबाच्या पेट्या ठेवल्या, त्यावर केवढा गदारोळ झाला. पुढच्या वर्षी बेल्जियमनं अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, आणि त्या आठवड्यात शेजारच्या काकूंनी मला काळजीनं विचारलं, "तुझं ते बंद झालं का रे आता?" त्यांना समजावताना लक्षात आलं की रमीचं अ‍ॅप आणि 'राजी' हे त्यांच्या लेखी एकच आहे. त्यात त्यांची चूक नाही. गेमच्या धंद्यानंच ती रेघ पुसत आणली आहे, आणि त्याची किंमत चांगले गेम बनवणारे मोजतात.

चांगलं काम करूनही ते सुरक्षित नसतात. टँगो गेमवर्क्सनं २०२३ मध्ये 'हाय-फाय रश' काढला, तालावर मारामारी करायचा, बघतानाच हसू फुटेल असा. सगळ्यांनी डोक्यावर घेतला, पुरस्कार मिळाले. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो स्टुडिओ बंद करत असल्याचं जाहीर केलं. नंतर क्राफ्टननं तो घेतला म्हणून तगला. गेम कितीही चांगला असला तरी बनवणाऱ्याची नोकरी वाचवत नसेल, तर चांगला गेम बनवायला सांगायचं तरी कुणाला?

म्हणून मी घरातल्यांना गेम दाखवायचा म्हटलं की 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम लावतो. एरिक बॅरोन ह्या माणसानं एकट्यानं चार वर्षांच्या वर खपून केला, २०१६ मध्ये आला, आणि त्यानंतर इतकी वर्षं त्यात भर घालत राहिला, त्या भरीचे पैसे कधी मागितले नाहीत. मागच्या पावसाळ्यात एका रात्री अण्णा माझ्यामागे येऊन उभे राहिले. मी पार्सनिप काढत होतो.

"हे काय, मुळा?"

"तसलंच. चार दिवसांत येतो."

"बियाणं केवढ्याचं?"

"वीस. विकला की पस्तीस."

ते खुर्ची ओढून बसले. अर्धा तास बघत होते. कावळे आले तेव्हा म्हणाले, "बुजगावणं लाव." ऋतू बदलला आणि उभं पीक करपलं तेव्हा हळहळले. मग बऱ्याच वेळानं म्हणाले, "ह्यात भाव पडत नाही काय रे?"

"नाही. कितीही माल आणला तरी भाव तोच."

अण्णा काही बोलले नाहीत. चौतीस वर्षं त्यांनी पोत्यावर हात ठेवून उभी असलेली माणसं बघितली आहेत, भाव ऐकून गप्प झालेली. थोड्या वेळानं ते म्हणाले, "ज्यानं हे केलं त्याच्या घरी शेती असणार नाही." आणि लगेच, "पण माणूस चांगला असणार." आजवर मी 'स्टारड्यू'बद्दल जे काही वाचलं त्यात इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

डिस्कचा खोका आता माळ्यावर असतो, पुराच्या खुणेपेक्षा हातभर वर. जुना प्लेस्टेशन ३ मी पुन्हा एक घेतला, कोल्हापुरातून, वापरलेला. मे महिन्यात भाचा राहायला आला होता. त्यानंच खोका उतरवला आणि 'रेड डेड'ची डिस्क उचलली. तिच्या पेटीच्या कोपऱ्यात अजून तांबूस गाळाची रेघ आहे, ती मी काढलेली नाही. डिस्क आत सरकली, यंत्र घरघरलं. बोट धक्क्याला लागली, मार्स्टन उतरला आणि आगगाडीत जाऊन बसला. भाचा कंट्रोलर हातात धरून पडद्याकडे बघत वाट पाहत होता.

"मामा, लॉगिन कुठाय?"

"नाही ह्याला."

"आणि नेट?"

मी राउटरची वायर काढून त्याच्या हातात दिली. आगगाडी चालत राहिली.